मुका डी

(आधीच सांगून टाकतो, इथे मुका म्हणजे न बोलणारा. शीर्षक वाचून भलत्याच आशेनं आलेल्यांची माफी. :) )

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्री साडेनवाची ऑफिसची कॅब. हिंजवडीतून बाहेर पडायला नेहमीप्रमाणे अर्धा तास. शेजारी आमच्या टीममधला एक मुलगा, वय असेल चोवीस-पंचवीस. कानात हेडफोन, डोळे मिटलेले आणि मान तालावर हलतेय. दिवसभर प्रॉडक्शनच्या बगनं आमचा जीव काढला होता आणि हा पठ्ठ्या इतका सुखात कसा, म्हणून विचारलं, "काय ऐकतोयस रे?"

"दादा, हे ऐकच तू," म्हणत त्यानं एक हेडफोन काढून माझ्याकडे दिला. गाणं मला माहीत होतं. 'एंड ऑफ बिगिनिंग'. तो भरभरून बोलायला लागला. आवाज कसा लांबून आल्यासारखा वाटतो, सिंथेसायझर कसा ऐंशीच्या दशकातला वाटतो, आपलं कॉलेजचं गाव आठवतं वगैरे वगैरे. एक-दीड वर्षं झाली म्हणे, रोज एकदा तरी ऐकतोच.

मी सहज म्हणालो, "हा स्टीव्ह आहे, माहितीये ना? 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधला."

"कोण? तो केसवाला स्टीव्ह? काय सांगतोस!"

मग दोन मिनिटं शांतता. मग म्हणतो, "अच्छा... म्हणजे हिरो आहे होय. मग काय, पैसा टाकून चांगली माणसं लावली असणार. ऑटोट्यूनपण असेल."

मला हसूच आलं. पाच मिनिटांपूर्वी ज्या गाण्यानं याला कॉलेजचं गाव आठवत होतं, त्याचा भाव बघता बघता उतरला. गाण्यातला एक सूर इकडचा तिकडे झाला नव्हता. बदललं होतं फक्त एक नाव.

हसू आलं खरं, पण घरी आल्यावर विचार केला की आपणही हेच करतो की. कुठल्याही नटानं 'माझा अल्बम येतोय' म्हटलं की माझ्या तोंडून आधी 'झालं!' असंच निघतं. गाणं ऐकायच्या आधी. तर आजचा विषय हा. एखाद्या तरुण नटानं गायक व्हायचं ठरवलं तर आपण त्याच्याकडे इतक्या संशयानं का बघतो, आणि या जो कीरीनं त्या संशयाचं काय केलं.

आधी संशयाची बाजू घेतो, कारण ती अगदीच चुकीची नाही. आपण पाहिलेलं काय असतं? अमिताभ १९७९ साली 'मिस्टर नटवरलाल'मध्ये गायला, आमीर १९९८ साली 'गुलाम'मध्ये गायला. मजा आली, पण ते गाणं आपण ऐकलं ते 'अमिताभनं गायलंय', 'आमीरनं गायलंय' म्हणून. चेहरा आधीच विकला गेलेला असतो, गाणं त्याच्याबरोबर फुकट मिळालेल्या चमच्यासारखं येतं. डिटर्जंटच्या पुड्याबरोबर मिळालेला चमचा कुणी पारखून घेतो का? आता आयुष्मान खुरानासारखे अपवाद आहेत. 'विकी डोनर' (२०१२) मधल्या 'पानी दा रंग'साठी त्याला फिल्मफेअरचं पार्श्वगायनाचं बक्षीस मिळालं, आणि ते त्याचा चेहरा बघून दिलं असं कुणी म्हणणार नाही. पण अपवाद म्हणूनच तर लक्षात राहतात.

गंमत म्हणजे हा संशय आपल्या मराठी माणसाच्या रक्तातला नाही. उलटच आहे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' उभं केलं, तेव्हापासून पुढची पन्नास वर्षं आपल्याकडे नट म्हणजे गाणारा हेच गृहीत होतं. बालगंधर्व नट की गायक, हा प्रश्नच कुणी विचारला नसता. केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ... ज्याला गाता येत नाही त्यानं संगीत नाटकात नायक व्हायचं कशाला, असा साधा हिशेब होता. बोलपटाच्या सुरुवातीलाही तेच. कॅमेऱ्यासमोर उभा राहणाराच गायचा.

मग १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन वापरलं. आवाज एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे. आमच्या भाषेत सांगायचं तर एक मोठा मॉड्यूल फोडून दोन केले. फायदा प्रचंड झाला, दोन्ही बाजूंना उत्तम माणसं मिळाली, त्यातूनच आपलं अख्खं सुवर्णयुग आलं. पण तीन-चार पिढ्या हेच बघितल्यावर आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: जो दिसतो तो गात नाही, आणि जो गातो तो दिसत नाही. दिसणारा गायला लागला की काहीतरी गडबड आहे असं वाटतं ते त्यामुळेच.

अमेरिकेत पार्श्वगायन आपल्यासारखं रुजलं नाही, पण संशय तिथेही आहेच. टीव्हीवरचा देखणा मुलगा गिटार घेऊन आला की तिथले संगीतवालेही नाकं मुरडतात. त्या वातावरणात जो कीरीची गोष्ट आहे.

हा मुलगा १९९२ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्ट नावाच्या गावचा. शिकागोच्या डिपॉल विद्यापीठात अभिनय शिकला, २०१४ मध्ये बाहेर पडला. तिथेच शिकागोत 'पोस्ट अ‍ॅनिमल' नावाच्या एका बँडमध्ये मित्रांबरोबर वाजवायला लागला. हे लक्षात ठेवा, कारण क्रम महत्त्वाचा आहे. तो प्रसिद्ध झाला आणि मग त्याला गाण्याचं खूळ लागलं असं नाही. छोट्या-मोठ्या भूमिका शोधणं आणि मित्रांबरोबर वाजवणं हे दोन्ही एकाच वेळी चालू होतं, आणि दोन्हीत फारसं कुणी ओळखत नव्हतं.

२०१६ च्या जुलैमध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' आलं. त्यातला स्टीव्ह हॅरिंग्टन हा मूळ कल्पनेत चांगलाच टग्या, वाईट मुलगा होता. पण कीरीचं काम बघून डफर बंधूंनी पात्रच बदलत नेलं, आणि सीझनमागून सीझन तो लोकांचा लाडका झाला. त्याचे ते फुगवलेले केस तर स्वतःच एक पात्र झाले. (आमच्या ऑफिसात त्या काळात दोघांनी तसे केस करायचा प्रयत्न केला होता. एकाकडे मुळात तेवढे केस नव्हते, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.)

आता तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? मी असतो तर त्या केसांचा फोटो अल्बमच्या कव्हरवर छापला असता आणि खाली मोठ्या अक्षरात 'स्टीव्ह गातो!' असं लिहिलं असतं. मार्केटिंगवाल्यांनीही हाच सल्ला दिला असता.

त्यानं बरोबर उलटं केलं. आधी तर तो बँडमधून मागे सरला. पोस्ट अ‍ॅनिमलचा अल्बम २०१८ च्या एप्रिलमध्ये आला, त्यात तो वाजवतो, पण तो येईपर्यंत त्यानं बँडबरोबर दौऱ्यांवर जाणं सोडलं होतं. एक तर शूटिंगच्या तारखा. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, बँड 'स्टीव्हचा बँड' म्हणून ओळखला जायची भीती. जरा त्या बाकीच्या पोरांचा विचार करा. वर्षानुवर्षं घासून एक बँड उभा करायचा आणि लोक तिकीट काढून येणार ते कोपऱ्यातल्या गिटारवाल्याचे केस बघायला. वाजवणाऱ्यानं स्टेजवर नुसतं उभं राहूनही मित्रांच्या कामावर पाणी पडू शकतं. हे त्याला कळलं, आणि त्यानं किंमत मोजली. मित्रांबरोबर वाजवणं हीच तर या कामातली खरी मजा असते, आणि तीच सोडावी लागली.

आपल्याकडे सगळे असं मानून चालतात की पहिलं काम मोठं झालं की ते दुसऱ्याला पोसतं. पैसा येतो, ओळखी होतात, मग छंदाला काय कमी! पण इथे दिसतं ते वेगळंच. पहिलं काम फार मोठं झालं की ते दुसऱ्याला गिळायला बघतं. पोसणं आणि गिळणं दोन्ही एकाच वेळी चालू असतं, त्यामुळे पटकन लक्षातही येत नाही.

मग २०१९ मध्ये त्यानं एकट्यानं गाणी बाहेर काढायला सुरुवात केली, आणि नाव घेतलं... आता इथे देवनागरीत माझी पंचाईत आहे. उच्चार 'जो'च. फक्त रोमन लिपीत लिहिताना पुढे एक 'डी' लावला. तो डी उच्चारायचा नाही. नुसता बसून राहतो, गणपतीच्या मंडळात सगळ्यात मागे बसणाऱ्या काकांसारखा, एक अक्षर बोलत नाही. देवनागरीत दोन्ही 'जो' सारखेच दिसतात, म्हणून सोयीसाठी मी गाणाऱ्याला 'डी-जो' म्हणतो.

डी-जोचा पहिला अल्बम 'ट्वेंटी ट्वेंटी', सप्टेंबर २०१९. दुसरा 'डिसाइड', सप्टेंबर २०२२. आणि स्टेजवर हा माणूस यायचा तो विग घालून. वाटी ठेवून कापल्यासारखे केस, गॉगल, कधी मिशी. ज्या केसांवर जग फिदा होतं नेमके तेच झाकून. २०२२ साली शिकागोच्या लोलापलूझा महोत्सवात तो याच अवतारात गायला. कारण त्यानं मुलाखतींतून साधंच दिलंय: लोकांनी गाणं ऐकताना स्टीव्हचा विचार करू नये.

'डिसाइड'मध्येच ते गाणं होतं, 'एंड ऑफ बिगिनिंग'. शिकागोबद्दल आहे. त्या शहरात परत गेल्यावर आपला जुना अवतार, तिथे राहणारा तो अनोळखी मुलगा परत भेटतो, अशी काहीशी भावना. म्हणजे प्रसिद्धीच्या आधीचा जो. २०२२ मध्ये आलं तेव्हा फार काही झालं नाही. जवळजवळ दीड वर्षं गाणं तसंच पडून. आणि २०२४ च्या सुरुवातीला अचानक टिकटॉकवर लोकांनी ते उचललं. आपापल्या जुन्या शहरांचे, परतीच्या प्रवासाचे व्हिडिओ आणि मागे हे गाणं. (आपल्याकडे टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, त्यामुळे आपल्यापर्यंत ते इन्स्टाच्या रील्समधून पोचलं.) बघता बघता ब्रिटनच्या यादीत पहिल्या पाचात, अमेरिकेत बिलबोर्डच्या पहिल्या पंधरात. स्पॉटिफायवर एक अब्जाहून जास्त वेळा वाजून झालंय.

आणि मजा बघा, ते डोक्यावर घेणाऱ्यांतल्या अनेकांना हे गाणारा कोण आहे याचा पत्ताच नव्हता. माझ्या कॅबमधल्या मित्रासारखेच हजारो. मग हळूहळू 'अरे, हा तर स्टीव्ह!' असे व्हिडिओ यायला लागले. म्हणजे त्या मुक्या डीनं आपलं काम केलं. आधी गाणं पोचलं, नाव मागून आलं. टेस्टिंगमध्ये आम्ही ज्याला ब्लाइंड टेस्ट म्हणतो ती इथे अब्जावधी लोकांच्या जगात, कुणी न ठरवता होऊन गेली. माझ्या मित्रानंही ती टेस्ट दिली होती आणि गाणं पास केलं होतं. नाव कळल्यावर मार्क खोडायला निघाला होता, एवढंच.

हे सगळं वाचताना मला राहून राहून एक वेगळीच गोष्ट आठवत होती. आपल्याच घरची.

१९४२ च्या एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ गेले. पाच भावंडांतली थोरली मुलगी तेव्हा बारा वर्षांची. घर चालवायचं तर मिळेल ते काम करणं भाग होतं, आणि काम मिळालं ते पडद्यावरचं. 'पहिली मंगळागौर' (१९४२), 'माझं बाळ', 'गजाभाऊ' अशा चित्रपटांत लता मंगेशकरांनी छोट्या भूमिका केल्या. कॅमेऱ्यासमोर उभं राहणं, तोंडाला रंग लावणं आपल्याला कधीच आवडलं नाही, हे त्यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं. जीव गाण्यात होता. म्हणजे 'पडद्यावर काम करणारी आणि गाण्यात करिअर करू पाहणारी तरुण मुलगी' ही बातमी आपल्याकडे ऐंशी वर्षांपूर्वीचीच आहे.

पण मला आठवत होती ती त्याच्या पुढची गोष्ट. १९४९ मध्ये 'महल' आला. त्यातलं खेमचंद प्रकाश यांचं ते गाणं तुम्हाला माहीत आहेच, आजही रात्री ऐकलं तर अंगावर काटा येतो. त्या गाण्याची रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव! गाणाऱ्या बाईचं नाव छापायची पद्धतच नव्हती. लोक रेडिओकडे विचारणा करायला लागले, की ही गातेय कोण, तेव्हा कुठे नाव बाहेर आलं.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. तिथे पडद्यावरचं पात्र इतकं मोठं, की गाणारीचं नाव त्यात बुडून गेलं, आणि ते वर काढावं लागलं. इथे पडद्यावरचं पात्र तितकंच मोठं, पण गाणारा तोच असल्यामुळे त्याला स्वतःचंच नाव खाली दाबावं लागलं. (तुलना आवाजाची नाही हो. लगेच काठ्या घेऊन येऊ नका.) दोन्हीकडे लोकांनी आधी आवाजावर जीव टाकला आणि मग विचारलं, कोण आहे हा? कोण आहे ही? हा प्रश्न त्या क्रमानं विचारला जाणं, यात कुठल्याही कलाकाराचा खरा मान आहे असं मला वाटतं.

आता आक्षेप. कॅबमधल्या मित्राशी पुढचे दोन दिवस कँटीनमध्ये याच विषयावर वाद झाला आणि त्याचे दोन मुद्दे खरंच बिनतोड होते.

पहिला: "दादा, हे सगळे श्रीमंतांचे चोचले आहेत. त्याला नाव लपवणं परवडतं, कारण त्याच्याकडे लपवायला नाव आहे." खरं आहे. डी-जोचा तिसरा अल्बम 'द क्रक्स' (एप्रिल २०२५) न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत रेकॉर्ड झाला. जिमी हेंड्रिक्सनं बांधून घेतलेला हा स्टुडिओ. शिकागोतल्या एखाद्या होतकरू पोराला तिथे पाऊल टाकायला मिळणार नाही. शिवाय पहिला अल्बम चालला नाही तरी याचं घरभाडं थकणार नव्हतं. पडण्याची मुभा ही सगळ्यात महाग चीज आहे आणि ती याच्याकडे होती. हे मी मान्य करतो आणि कीरीनंही ते नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरा: "आणि लपलंय कुठे? पहिल्या दिवसापासून सगळ्या पेपरांना माहीत होतं हा कोण आहे ते. विग म्हणजे पण पब्लिसिटीच की." हेही बरंचसं खरं. इंटरनेटच्या जमान्यात नाव लपत नाही. बातमीत स्टीव्हचा उल्लेख यायचाच.

पण मला वाटतं इथेच तो डी कामाला येतो. तो आपल्यासाठी नाहीये, त्याच्या स्वतःसाठी आहे. आम्ही कोड लिहिताना नेमस्पेस वापरतो. एकाच नावाच्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून पुढे एक छोटी खूण लावायची. युजरला ती दिसतही नाही, पण लिहिणाऱ्याला कळतं की आपण आत्ता कुठे आहोत. तसंच हे. स्टुडिओत शिरताना स्वतःला सांगायचं, की इथे स्टीव्हची पुण्याई चालणार नाही. इथे गाणं वाईट झालं तर ते वाईट झालं. लोक गाढवपणे टाळ्या वाजवतीलही, पण आपण त्या या खात्यात जमा करायच्या नाहीत. स्वतःची फसवणूक न करण्याची सोय आहे ती. पैसा त्याला वाचवू शकतो, पण ही सोय पैशानं मिळत नाही.

आणि सगळ्यांनी असंच करावं असंही नाही. त्याच मालिकेतली माया हॉक स्वतःच्या नावानं गाते. 'ब्लश' (२०२०), 'मॉस' (२०२२), 'केऑस एंजल' (२०२४) असे तिचे अल्बम आहेत. वर तिच्या नावात ईथन हॉक आणि उमा थर्मन यांच्या मुलीचं ओझंही आहे, तरी तिनं नाव झाकलं नाही. शांत, पुटपुटल्यासारखी गाणी, गर्दी जमवण्यासाठी केलेली वाटत नाहीत. फिन वुल्फहार्ड तर शाळकरी वयातच 'कॅलपर्निया' नावाच्या बँडमधून वाजवत होता. एकाच सेटवरची तीन मुलं, तीन वाटा. तिघांत एकच गोष्ट सारखी वाटते: गाणं हे मालिकेचं बायप्रॉडक्ट म्हणून कुणी विकलं नाही.

२०२५ मध्ये कीरीची गोष्ट एका छान वळणावर आली. विग वगैरे बाजूला ठेवून तो स्वतःच्या चेहऱ्यानं गायला लागला. जगभरच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा त्याच्या आधी स्टेजवर येणारा बँड कुठला, तर पोस्ट अ‍ॅनिमल. ज्या मित्रांपासून त्यांच्याच भल्यासाठी लांब झाला, त्यांच्याबरोबर परत. त्याच वर्षी बँडचा 'आयर्न' हा अल्बम आला, त्यातही तो परत सामील आहे. आणि वर्ष संपता संपता 'स्ट्रेंजर थिंग्ज'ही संपलं. स्टीव्हची नोकरी संपली म्हणा ना. गाणं मात्र चालू आहे.

आता तुम्ही म्हणाल, या अमेरिकन नटाचं एवढं काय घेऊन बसलास? तर सांगतो.

आपण सगळे नोकरी करणारे. त्यातले निम्मे तरी काहीतरी दुसरं करतात किंवा करायचे. कुणी बासरी, कुणी पुरुषोत्तम करंडकातलं नाटक, कुणी चित्रं. २०२२ मध्ये आपल्या आयटीत मूनलायटिंगवरून केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? एका कंपनीनं तीनशे जणांना घरी पाठवलं. तो प्रश्न दोन कंपन्यांचा पगार घेण्याचा होता, तो वेगळा. पण त्यातून एक वातावरण असं झालं की नोकरीशिवाय मनापासून दुसरं काही करणं म्हणजे जणू चोरीच. आणि याच्या उलट टोकाला दुसरी जात: छंद आहे ना, मग चॅनल काढ, फॉलोअर जमव, लिंक्डइनवर टाक, अप्रेझलला 'लीडरशिप' म्हणून दाखव. एक म्हणतो करूच नको, दुसरा म्हणतो केलंस तर विक.

आपल्याकडे एक तिसरी, जुनी वाट आहे. हौशी रंगभूमीची. बँकेत, सरकारी ऑफिसात दिवसभर काम करून संध्याकाळी तालमीला जाणारी माणसं. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये, पूर्णवेळ नट झाले. त्याआधीची वर्षं त्यांनी नाटक केलं ते 'डॉक्टर असून किती छान करतात हो' या कौतुकासाठी नव्हे. हे 'असून' फार घातक आहे. इंजिनिअर असून छान लिहितो. नट असून बरा गातो. 'असून' म्हटलं की मोजपट्टीच बदलते. कधी ती सैल होते, आणि आपण लाडावतो. कधी घट्ट होते, आणि समोरच्याचं कितीही चांगलं असलं तरी आपल्याला दिसत नाही. माझ्या मित्रानं कॅबमध्ये दुसरं केलं. माझ्या बाबतीत लोक पहिलं करतात, आणि खरं सांगू, मला ते आवडतं. लेखात चूक दाखवली कुणी की मनात पहिला विचार येतो, 'अरे, मी काय लेखक आहे का, मी तर इंजिनिअर!' हा पळपुटेपणा आहे. कीरीनं मुका डी लावून स्वतःची ही पळवाटच बंद करून टाकली. मला त्याचं जे पटतं ते हे.

तेव्हा माझं मत विचाराल तर एवढंच. नटानं गावं, खुशाल गावं. आपण ऐकताना नाव बाजूला ठेवून एकदा ऐकावं, मग काय नाकं मुरडायची ती मुरडावीत. आणि आपलं स्वतःचं जे काही दुसरं काम असेल, त्याला पहिल्या कामाच्या कुबड्या देऊ नयेत. पगार त्याला पोसू दे, हरकत नाही. पण हुद्दा त्याची शिफारस नको करायला.

परवा पुन्हा त्याच कॅबला तो मुलगा भेटला. मी मुद्दाम विषय काढला नाही. खराडी बायपासच्या अलीकडे आपणहून म्हणाला, "ऐकतोय अजून ते गाणं. आहे रे चांगलं." मग थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "मी बारावीपर्यंत तबला वाजवायचो. घरी आहे अजून, शाई उडालीये. पण आता पुन्हा सुरू केलं ना, तर लोक म्हणणार, बघा, इंजिनिअर असून..."

मी म्हटलं, लोकांना सांगूच नकोस की.

त्यावर तो काही बोलला नाही. पण उतरताना विचारलंन, शाई भरून देणारं दुकान बुधवार पेठेत नक्की कुठे आहे. मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर कळवा.